तासाभरावरचं माहेर

सोलापूरच्या विमानतळापासून गोव्याच्या विमानतळापर्यंत किती अंतर आहे, असं मोबाईलला विचारलं की तो लगेच सांगतो: सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, उडायला तासभर. त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला! सरळ रेषेत आमच्याकडं कोण कधी कुठं गेलंय? आमच्या गावाहून, बेंबळीहून, सोलापूर गाठायचं तर दोन तास. विमानाच्या आधी दीड तास तिथं जाऊन बसायचं. पलीकडं उतरल्यावर माझ्या बहिणीच्या दारात पोचायला आणखी तास-सव्वा तास. तरीपण त्या एका तासावर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. आईनं ठेवला, बहिणीनं ठेवला, डॉक्टरांनीसुद्धा ठेवला.

बहीण म्हणजे माझी थोरली, अक्का. तिला गोव्यात दिली तेव्हा मी शाळेत होतो. दाजी मूळचे कळंबकडचे, पण गोव्यात औषधाच्या कारखान्यात कायम नोकरीला, म्हणून दिली. आई पुढं सगळा जन्म म्हणत राहिली, "लई लांब दिली गं बाई, लई लांब." शेजारणीची लेक कळंबला, मावशीची उमरग्याला. त्या लेकी सकाळी यायच्या, आईच्या हातचं जेवायच्या आणि दिवस मावळायच्या आत सासरी परत. आमची अक्का वर्षातून एकदा, पंचमीला.

आमच्या भागात नागपंचमीला लेक माहेरी येते, पण ती आपली आपण येत नाही. भावानं न्यायला जायचं असतं. त्या भावाला मुराळी म्हणतात. मुराळ्यानं आईनं दिलेलं लुगडं आणि शिदोरी घेऊन जायचं, बहिणीच्या घरी मुक्काम करायचा, तिच्या हातचं गोडधोड खायचं आणि मग तिला घेऊन निघायचं. हल्लीच्या पोरी मोबाईलवर "निघाले" म्हणतात आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून येतात. त्यात काही वावगं नाही. पण अक्का ह्या बाबतीत लई हट्टी. लांब दिल्यामुळंच असेल. भाऊ दारात उभा राहिला म्हणजे आपल्याला माहेर आहे, हे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवता यायचं.

तर मी जायचो. एसटीनं सोलापूर, तिथून गोव्याची बस, मग घाट. माझं चौकात दुकान आहे, शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची कॉईल भरून देतो. पंचमीच्या तोंडावर हमखास कुणाची तरी मोटार जळायची आणि तो माणूस दुकानासमोर शिव्या घालत बसायचा. मीही त्याला शिव्या घालून शटर ओढायचो. परतीचा प्रवास तर विचारूच नका. अक्काला गाडी लागायची. घाट सुरू झाला की तिच्या एका हातात लिंबू आणि माझ्या हातात पिशवी. मी वैतागून म्हणायचो, "पुढच्या वर्षी तू आन् तुझी पंचमी, मी येणार न्हाय." ती ओकून झालं की तोंड पुसत म्हणायची, "येशील रं. न येऊन सांगतोस कुणाला?" आणि मी जायचो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. दोन वर्षं नुसतं दवाखाना, सुया, औषधं. केस गेले, परत आले. आम्ही जरा हसायला लागलो होतो तेवढ्यात गाठ पुन्हा वाढली. ह्या वर्षी आषाढात डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता आमच्या हातात काही उरलं नाही, घरी न्या, त्यांना जे हवं ते करू द्या. दाजींनी घरी आणून तिला विचारलं, काय पाहिजे तुला? ती म्हणाली, "पंचमीला आईकडं जायचंय."

दुसरं काही मागितलं नाही तिनं. पोरांच्या लग्नाचं नाही, कुठल्या देवाचं नाही. आईच्या अंगणात एक पंचमी. आईला इकडून तिकडं नेता आलं असतं तर तेही केलं असतं, पण आईचे गुडघे गेलेले. ती घरातून अंगणात आली तरी पुष्कळ.

रस्त्यानं न्यायचं म्हटलं तर डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. घाट, पावसाचे खड्डे, दहा-बारा तास. बाई वाटेतच जाईल म्हणाले. मग दाजींनी विमानाचं काढलं. गोवा ते सोलापूर विमान सुरू झालं होतं, आठवड्यातून मोजके दिवस. डॉक्टरांनी विचार केला आणि म्हणाले, तासाभराचं तर आहे, न्या. उशीर मात्र करू नका, एवढं सांगितलं.

आईला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. "गोव्यावरनं तासात? आरं, कळंबला जायला येसटीला दोन तास लागत्यात."

"मग काय तर! तुझी लेक आता कळंबच्या अलीकडं आली."

माझ्या जिभेला काही हाड नाही. आईनं ते मनावर घेतलं आणि अंगणात बसून गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, की माझी लेक कळंबापेक्षा जवळ हाय. सगळा जन्म "लांब दिली" म्हणून रडलेली बाई ती. तिच्या चेहऱ्यावर चार दिवस असं काही आलं होतं की मलाही बरं वाटलं. लेक मरणाच्या दारात आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण लेक जवळ आहे हे तिला त्या दिवसांत जास्त खरं वाटत होतं.

दाजींचा फोन आला. "पाव्हणं, पंचमी मंगळवारी आहे. त्याच्या आधी शुक्रवारी विमान आहे आणि सोमवारी आहे. मी शुक्रवारीच हिला घेऊन येतो, म्हणजे चार दिवस आईजवळ राहील."

मी हो म्हणालो. तेवढ्यात अक्कानं त्यांच्या हातातून फोन घेतला. आवाज पार खोल गेलेला, पण हेका तोच. "मुराळी आल्याबिगर मी पाय उचलणार न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "अक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? दाजी आणतेत की! मी विमानानं यायचं, तुझ्याकडं राहायचं, सोमवारपर्यंत थांबायचं, हा काय खेळ चाललाय व्हय?"

"मी काय रुसून चालले का, आपली आपण जायला? तू ये. राहा. माझ्या हातचं खा. मग ने."

"तुझ्या हातचं? तुला उठून बसता येत न्हाय!"

ती म्हणाली, "शेवटची हाय रं ही. शेवटच्या वेळंला तरी नीट ने."

आईला सांगितलं तर आई तिच्याच बाजूनं. "बरोबर हाय तिचं. लेकीला मुराळ्याबिगर आणत्यात का?" बायको तेवढी म्हणाली, "शुक्रवारचं सोडू नका हो. पावसाचे दिवस हायत." पण सासू-नणंदेपुढं तिचं कोण ऐकतंय! आणि खरं सांगायचं तर मीही तिला म्हणालो, "विमान हाय ते, येसटी न्हाय चिखलात रुतायला."

तर शुक्रवारी मी विमानात बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. दोन पंख्यांचं छोटं विमान. वर चढलं आणि खाली आमचा मुलूख पसरला; सोयाबीनची हिरवी पट्टी, मध्येच काळं रान, एखादं तळं. आकाश लख्ख. घाट तर कधी आला आणि गेला कळलंसुद्धा नाही. ज्या घाटात अक्काच्या पोटातली आतडी बाहेर यायची, तो खाली गोधडीच्या घडीएवढा. पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावतोय तोवर उतरायची सूचना. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. एवढंच होतं, एवढंच होतं, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो. तो बिचारा मान हलवत होता.

मी सामान घेऊन बाहेर आलो, टॅक्सीवाल्याशी भाव करतोय तोवर तेच विमान डोक्यावरून परत सोलापूरला गेलं. त्यात निम्म्या जागा रिकाम्या होत्या असं नंतर कळलं. दुपारी बायकोचा फोन आला, पोचलात का म्हणून. बोलता बोलता म्हणाली, "इकडं कडक ऊन पडलंय बघा." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

अक्काला बघून मी दारातच थांबलो. माणसाचं इतकं कमी होतं? उशीला टेकून बसली होती आणि माझ्याकडं बघून म्हणते काय, "दारात जरा उभा राहा, शेजारणीला बघू दे, मग आत ये." मग खरंच शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माझा मुराळी आला." त्या कोकणी बाईला मुराळी म्हणजे काय कळलं नाही, पण तिनं माझ्यासाठी केळी आणून दिली.

आईनं दिलेलं हिरवं लुगडं, बांगड्या आणि धपाट्यांची शिदोरी मी तिच्यापुढं ठेवली. धपाट्याचा तुकडा तिनं तोंडात धरला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला, गिळता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं खुर्चीत बसून पंचमीला करतात तसा, पुरण भरून उकडायचा एक दिंड वळला. बाकी तिच्या पोरीनं केले. तो एक मला वाढला. ओबडधोबड, फाटलेला, पुरण बाहेर आलेला. मी खाल्ला. "बरा झालाय का?" "झकास झालाय." एवढंच आमचं बोलणं. मी आयुष्यात त्याच्याइतकं गोड काही खाल्लेलं नाही आणि पुन्हा खाऊ नये असंही वाटतं.

रविवारी पाऊस लागला. गोव्यात लागतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं आईनं पाठवलेलं लुगडं नेसलं. पोरीनं नेसवलं, कारण तिच्या कमरेला काही थांबत नव्हतं; दोन ठिकाणी पिन लावली. विमानतळावर चाकाची खुर्ची दिली. तिथल्या पोरांनी फार जपून नेलं, खोटं कशाला बोलू. तपासणीवाल्या बाईनं विचारलं, "कुठं चाललात?" तर अक्का म्हणाली, "माहेरी." नवी नवरी म्हणते तसं म्हणाली.

ती खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी. दाजी मागच्या रांगेत. वर गेल्यावर सगळीकडं पांढरं. मी सवयीनं पिशवी धरून बसलो होतो. ती म्हणाली, "ठेव ती खाली. आज गाडी लागत न्हाय मला." आणि हसली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला गाडी लागली नाही.

तासभर झाला तसं विमान खाली यायला लागलं. तसा तिनं माझा हात धरला. ढग काही संपेनात. विमान खाली जायचं, थरथरायचं, पुन्हा वर. एक चक्कर झाली, दुसरी झाली. आमच्याकडचा विमानतळ लहान, पायलटला डोळ्यांनी धावपट्टी दिसली पाहिजे असं पलीकडचा कुणीतरी म्हणाला. तिसऱ्या चकरेला ढगाला एक भोक पडलं. त्यातून खाली एक हिरवं रान, ओढा आणि रस्ता दिसला. रस्त्यावर लाल ठिपका.

"येसटी! ती बघ येसटी," अक्का म्हणाली. "आलं की रं आपलं."

भोक बुजलं. मग विमान वर चढायला लागलं आणि आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगितलं, की खराब हवामानामुळं उतरता येत नाही, आपण गोव्याला परत जातोय.

मी उभा राहिलो. हवाईसुंदरीला मी काय काय बोललो ते आठवलं की आज शरम वाटते, पण तेव्हा डोक्यात राख गेली होती. "उतरवा म्हणावं त्याला! खाली माणसं उभी हायत आमची! बायको उभी हाय गाडी घेऊन! घरी आई बसलीय!" ती पोरगी लहान होती, माझ्या पुतणीएवढी. ती नुसतं "सर, प्लीज बसा" म्हणत होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी. दाजींनी मागून माझा शर्ट ओढला. सगळं विमान आमच्याकडं बघत होतं.

"बस रं," अक्का म्हणाली. "तिच्या हातात हाय का ते?"

मी बसलो. बराच वेळ ती खिडकीतून त्या पांढऱ्याकडंच बघत राहिली. रडली नाही. मीच रडत होतो, आवाज काढून. मग ती म्हणाली, "आईला सांग, मी आल्ते म्हणून. वरपर्यंत आल्ते."

"तूच सांग. शुक्रवारी परत जाऊ. विमान हाय शुक्रवारी."

"व्हय," ती म्हणाली. माझं समाधान करायला म्हणाली.

परत घरी आणेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं. तेवढ्या एका तासासाठी तिनं जीव बांधून ठेवला होता, तो सुटला. पंचमीचा दिवस अंथरुणात गेला. आईशी फोनवर बोलायला दिलं, तर तिनं फोन कानाला लावून फक्त ऐकलं. आई तिकडून "येशील गं, शुक्करवारी येशील" म्हणत होती. गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळेला, ती गेली.

आमच्यात बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते घेऊन माहेरचं माणूस येईस्तोवर माती, म्हणजे अंत्यविधी, थांबवून ठेवतात. अक्काच्या वेळी थांबायची गरजच पडली नाही. लुगडं तिथंच होतं, पिनांसकट घडी घालून ठेवलेलं, आणि माहेरचा माणूसही. मी मुराळी म्हणून गेलो आणि तेवढ्याचसाठी गेल्यासारखं झालं. दाजींना मी एकदाच म्हणालो, की तिला गावाकडं नेऊ. ते म्हणाले, "पाव्हणं, जिवंतपणी रस्त्यानं नेली नाही, आता कशाला नेता?" त्यांचं बरोबर होतं. पोरं तिथली, घर तिथलं. माती तिथंच झाली. शुक्रवारचं विमान गेलं, त्यात आमच्या जागा रिकाम्या होत्या. त्या दिवशी सोलापुरात ते व्यवस्थित उतरलं.

मी राख सावडून बसनं परत आलो. विमानात पाऊल टाकवेना.

आई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी पुढं बसलो. तिनं रडून घेतलं, मीही घेतलं. मग ती एक एक विचारायला लागली. काय खाल्लं तिनं? लुगडं आवडलं का? बांगड्या मोठ्या झाल्या असत्याल, न्हाय? मी सगळं सांगितलं. फाटलेल्या दिंडाचं सांगितलं. तपासणीवाल्या बाईला "माहेरी" म्हणाली ते सांगितलं. आणि शेवटी तिचा निरोप सांगितला, की अक्का आली होती, वरपर्यंत आली होती. विमानानं तीन चकरा मारल्या, मग परत फिरलं.

आईनं डोळ्यांवरचा पदर काढला. "किती वाजता?"

"दुपारी. बाराच्या पुढं."

"सोमवारी?"

"व्हय."

ती अंगणाकडं बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा रडेल. विमान सोलापूरवर फिरत होतं, आपल्या गावावर नाही, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते ढगात कुठं कुठं फिरलं ते मला तरी कुठं माहीत होतं?

"म्या हितंच व्हते," ती म्हणाली. "हितं अंगणात बसून पंचमीच्या लाह्या पाखडत व्हते. वर लई येळ घर्र घर्र झालं. मला वाटलं, आभाळ वाजाया लागलं. लाह्या भिजत्याल म्हणून म्या सूप उचललं आन् खुरडत आत गेले. वर बघितलंच न्हाय रं म्या."